बूट खाली असतात

बूट मी घरात ठेवत नाही आता.
खाली, जाधवरांच्या केबिनमध्ये,
टॉर्च आणि पाहुण्यांच्या वहीशेजारी
निळ्या पिशवीत असतात.
म्हणजे ‘आज नको’ असं म्हणायलासुद्धा
तीन मजले उतरावं लागतं,
आणि एकदा उतरल्यावर
परत चढण्यापेक्षा तळजाई बरी वाटते.

(लिफ्ट आहे आमच्याकडे.
पण पहाटे ती अशी कण्हते
की चौथ्यावरच्या साठेबाईंना कळतं, निघाली.)

ही युक्ती सुचण्याआधी बरंच करून झालं.
जिमची वर्षाची फी भरली, नऊ दिवस गेले.
मुलाने मनगटावर घड्याळ बांधलं,
ते पोळ्या लाटतानाही पावलं मोजायचं,
दोन वेळच्या कणकेत दीड हजार.
डॉक्टर फडतरे म्हणाले, हाडं, साखर, वय.
मी हो, हो म्हणत होते.
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
हो म्हणत बसलेली बाई मी.
बसलेली, हे महत्त्वाचं.

खरं कारण वेगळंच.
भाचीच्या मुलाची मुंज, कोथरूडचं कार्यालय,
हौसेने खाली पाट मांडलेले.
जेवणं झाली, पंगत उठली,
मी जिलबीचा तुकडा पानात फिरवत राहिले
हॉल रिकामा व्हायची वाट बघत.
शेवटी दोन वाढपी आले. पोरंच ती.
एकाने काखेत हात घातला,
दुसरा म्हणाला, आजी, रेटा.

काट्याचं तर काही खरंच नाही.
अठ्ठ्याहत्तर किलो चारशे.
पाच महिन्यांनी, अठ्ठ्याहत्तर किलो शंभर.
तीनशे ग्रॅम म्हणजे पाव किलो बाकरवडी
आणि वर चव बघायला दिलेली.
एवढ्यासाठी मी रोज मोरांची झोप मोडते?
गेटपाशी कारल्याचा रस मिळतो,
त्याच्या पलीकडे गरम इडल्यांचा डबा.
परतताना मी कुठे थांबते ते विचारू नका.

काही दिवस पाय म्हणतो, उद्या.
गुडघा म्हणतो, अनुमोदन.
मग मी त्यांना फसवते, वळणापर्यंतच जाऊ,
वळणावर पुढचं झाड दाखवते,
झाडापाशी बाक.
रडक्या पोराला शाळेत नेतात तसं.
चौसष्ट वर्षांचं पोर, कळतं त्याला सगळं.
येतं तरी.

मागच्या मंगळवारी उतरले तर केबिनला कुलूप.
जाधवर पाटोद्याला गेलेले, आईला बघायला.
काचेतून पिशवीचा निळा कोपरा दिसत होता.
इतकी पक्की, सहीशिक्क्याची सबब
मला जन्मात मिळाली नव्हती.
पायरीवर बसून घेतलं जरा.
दूधवाला क्रेट आपटून गेला.
म्हटलं, चला वर, आल्याचा चहा टाकू.
आणि उठले.
वर बघितलं. पायातल्या स्लिपरांकडे बघितलं.
सहकारनगरचा अर्धा चढ चढून गेल्यावर
लक्षात आलं,
उठताना हात कुठे टेकलाच नव्हता.
ना कठड्याला, ना गुडघ्यावर.

टेकलाही असेल. अंधार होता.
आणि पायरी म्हणजे जमीन नव्हे, मला कळतं.
परत बसून बघावंसं वाटलं, तिथेच, फुटपाथवर,
पण मागून साठेबाई येत होत्या.
स्लिपर? त्यांनी विचारलं.
हो, म्हटलं, पाय उचला.

शुक्रवारी जाधवर आले. आई बरी आहे.
म्हणाले, ताई, केबिनची एक किल्ली
तुमच्याकडेच राहू द्या, खोळंबा नको.
नको म्हटलं.
किल्ली वर आली
की मागोमाग बूट येतील.